पंचवीस वर्षांची अट : कमेरागंजाचा फुटबॉल संघ

हा लेख फुटबॉलवर होईल असं मला वाटलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांची माहिती मी काही वर्षांपासून गोळा करतो आहे. इतिहास मी कॉलेजात शिकलो नाही. बी. कॉम. करून आयुष्यभर हिशेबनिशी केली आणि उरलेल्या वेळात वाचत, टिपणं काढत गेलो. मॉरिशसमध्ये जन्मून पुढे तिसऱ्याच देशात गेलेल्या हिंदी माणसांची एक यादी करताना माझ्यासमोर एक नाव आलं : थॉमस शॅड्रक जेम्स. जन्म १८५९, पोर्ट लुई. आईवडील मूळचे मद्रासकडचे. म्हणजे मराठी नव्हे. माझ्या विषयाच्या शिस्तीप्रमाणे ते कार्ड बाजूला ठेवायला हवं होतं, पण त्यावरची पुढची ओळ वाचून हात थांबला. हा मनुष्य ऑस्ट्रेलियात गेला आणि त्याने चाळीस वर्षं तिथल्या आदिवासींची शाळा चालवली.

त्या शाळेचा शोध घेत गेलो तेव्हा एक गाव सापडलं, आणि गावाचा शोध घेताना एक फुटबॉल संघ. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रं संगणकावर सर्वांना मोफत वाचायला खुली केली आहेत. त्यामुळे माझ्यासारख्या माणसाला घरबसल्या शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यापाड्यांतल्या सामन्यांचे निकाल चाळता येतात. हिशेबनिसाला आकड्यांच्या रकान्यांची सवय असते. एखादा संघ सारखा जिंकत असला तर ते लगेच डोळ्यांत भरतं. आणि सारखं जिंकणाऱ्या संघावरच एखादी अट येऊन बसली, तर ती का आली हे पाहावंसं वाटतं.

गावाचं नाव कमेरागंजा. योर्टा योर्टा लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘आपलं घर’ असा सांगतात. ऑस्ट्रेलियातली सर्वात लांब नदी मरे. या नदीच्या उत्तरेला न्यू साउथ वेल्स राज्य आणि दक्षिणेला व्हिक्टोरिया. कमेरागंजा उत्तर काठावर आहे, समोरच्या काठावर व्हिक्टोरियातलं बार्मा गाव. नदी ओलांडली की राज्य बदलतं, कायदा बदलतो आणि सरकारी साहेबही बदलतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

योर्टा योर्टा हे या नदीकाठचे मूळ रहिवासी. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मेंढ्या आणि गुरं आली तेव्हा त्यांची शिकारीची राने आणि मासेमारीच्या जागा गेल्या. १८७४ साली डॅनियल मॅथ्यूज नावाच्या धर्मप्रचारकाने जवळच मलोगा इथे एक मिशन वसाहत काढली. तरुण जेम्स १८८१ मध्ये मॅथ्यूजला भेटला आणि मलोगाच्या शाळेत मास्तर झाला. मिशनची कडक शिस्त लोकांना जाचू लागली, तेव्हा १८८८ साली बहुतेक सगळी वसाहत काही किलोमीटरवरच्या सरकारी राखीव जमिनीवर जाऊन राहिली. तेच कमेरागंजा. जेम्सही त्यांच्याबरोबर गेला. त्याने योर्टा योर्टा मुलगी एडा कूपर हिच्याशी लग्न केलं होतं. तो आता पाहुणा राहिला नव्हता, गावचा जावई होता.

दिवसा मुलांची शाळा आणि संध्याकाळी मोठ्यांची, असा त्याचा क्रम होता. आदिवासी शाळांत तिसरी इयत्तेच्या पुढे शिकवायचं नाही, असं सरकारी धोरण होतं. जेम्स मात्र येईल त्याला येईल तितकं शिकवत होता. अर्ज कसा लिहावा, सभेत कसं बोलावं, वृत्तपत्राला पत्र कसं धाडावं, हे त्याच्या विद्यार्थ्यांना येत होतं. एडाचा भाऊ विल्यम कूपर हा त्यांतलाच. पुढे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी हक्कांच्या चळवळीत ज्यांची नावं येतात, त्यांतले कितीतरी जण या एका खोलीतून बाहेर पडले.

आता खेळाविषयी, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की वेगळाच खेळ डोळ्यांसमोर येतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले लेखी नियम मेलबर्नमध्ये मे १८५९ मध्ये ठरले. इंग्लंडमधल्या असोसिएशन फुटबॉलच्या नियमांपेक्षाही ते चार वर्षांनी जुने आहेत. मैदान लंबगोल, बहुधा क्रिकेटचंच. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू. चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन धावता येतं, पण धावताना अधूनमधून तो जमिनीवर टप्पा देऊन परत घ्यावा लागतो. हाताने फेकता येत नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. लाथेने उडवलेला चेंडू हवेतच झेलला तर झेलणाऱ्याला निवांत फटका मारायचा हक्क मिळतो. त्यामुळे खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर चढून झेल घेतात, आणि प्रेक्षकांना सर्वात आवडणारं दृश्य तेच. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये प्राण्याच्या कातड्याचा चेंडू उडवून उंच उडीने झेलायचा जुना खेळ होता. त्याचा या नियमांवर परिणाम झाला का, याविषयी तिकडच्या अभ्यासकांत अजून वाद आहे. पण कमेरागंजाच्या मुलांना हा खेळ परका वाटला नाही, एवढं नक्की.

एकोणिसावं शतक संपण्याच्या सुमारास हे गाव दोन गोष्टींसाठी पंचक्रोशीत ओळखलं जाऊ लागलं : धावणं आणि फुटबॉल. दोन्हींना साधन फार लागत नाही. मैदान नदीकाठी होतंच. पण मला वाटतं, कारण एवढंच नव्हतं. १९०९ च्या कायद्याने न्यू साउथ वेल्समधल्या आदिवासी वसाहती ‘संरक्षण मंडळा’च्या ताब्यात गेल्या. मंडळाचा व्यवस्थापक शिधा वाटायचा, काम ठरवायचा आणि नको असलेल्या माणसाला वसाहतीबाहेर काढू शकायचा. १९१५ च्या दुरुस्तीने कोर्टात न जाता मुलं आईबापांपासून काढून नेण्याचा अधिकारही मंडळाला मिळाला. अशा जागी शनिवारी शेजारच्या गावात जाऊन, तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांसमोर त्यांच्याइतक्याच संख्येने उभं राहायचं, आणि दोघांनाही एकच शिट्टी, एकच नियम. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस असं कुठेच नव्हतं.

नियम बदलण्याचा अनुभव या गावाला मैदानाच्या आधी शेतात आला होता, म्हणून आधी जमिनीचा हिशेब पाहू. कमेरागंजाची राखीव जमीन सुरुवातीला १,८०० एकर होती. आपल्याला जमीन कसायला द्या, अशी मागणी इथले लोक सतत करत होते. १८९० च्या दशकात काही कुटुंबांना शेतीसाठी स्वतंत्र तुकडे मिळाले. त्यांनी झाडं तोडली, कुंपणं घातली, गहू पेरला. आणि १९०७ साली मंडळाने ते तुकडे परत घेतले. ज्या माणसाने जमीन स्वच्छ केली तोच त्या जमिनीवर मंडळाचा मजूर झाला. गावाने ही गोष्ट कधी विसरली नाही. पुढच्या तीस वर्षांच्या अर्जांत आणि निवेदनांत ती पुन्हा पुन्हा येते.

आता मैदानाकडे वळू. कमेरागंजाचा संघ ‘वेस्टर्न अँड मोइरा रायडिंग्ज’ या परिसरातल्या लीगमध्ये खेळत असे. आजूबाजूच्या छोट्या गावांची ही स्पर्धा. १९२० च्या दशकात आणि त्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत या संघाने तिचं विजेतेपद पुन्हा पुन्हा पटकावलं. इतकं, की इतर गावांना ते सोसेना. तेव्हा लीगने या संघावर एक अट घातली : कमेरागंजाने पंचवीस वर्षांवरचा खेळाडू मैदानात उतरवायचा नाही.

अट फक्त याच संघाला होती. बाकीच्या गावांतला तिशीतला, पस्तिशीतला खेळाडू खुशाल खेळू शकत होता. हा खेळ जाणणारे सांगतात की चांगला खेळाडू पंचविशीनंतरच खरा तयार होतो. अंगात ताकद मुरलेली असते, चेंडू कुठे पडणार हे आधी कळतं, आणि तरुणांना सांभाळून घेणाराही तोच असतो. म्हणजे या अटीने संघातले थोरले भाऊ काढून घेतले आणि धाकट्यांना एकटं पाठवलं.

या अटीला त्या लोकांनी जो शब्द वापरला असेल तो ‘हँडिकॅप’. हा शब्द कमेरागंजाला चांगला माहीत होता, कारण तो धावण्याच्या शर्यतीतला आहे. व्हिक्टोरियात १८७८ पासून स्टॉवेल गावी ईस्टरच्या सुट्टीत बक्षिसाची मोठी शर्यत होते. तिच्यात प्रत्येक धावपटूची आधीची कामगिरी पाहून त्याची सुरुवातीची रेघ ठरते. वेगवान माणूस मागून सुटतो, संथ माणूस पुढून, म्हणजे शेवटी सगळे बरोबरीने पोचावेत. विल्यम कूपरचा मुलगा लिंच कूपर याने १९२८ साली ही शर्यत जिंकली. तिथला हँडिकॅप सगळ्यांना लागू होता, माणूस पाहून ठरत होता आणि शर्यतीत उतरण्यापूर्वीच सगळ्यांना ठाऊक होता. फुटबॉलमधली अट यांतल्या एकाही कसोटीला उतरत नाही. ती एकाच संघाला होती, माणूस न पाहता होती आणि जिंकल्यानंतर आली. नाव तेच, पण न्याय उलटा.

१९०७ चा जमिनीचा निर्णय आणि ही अट मी माझ्या वहीत समोरासमोरच्या पानांवर लिहून ठेवली आहेत. एक सरकारी मंडळाने केलेली गोष्ट, दुसरी खेड्यातल्या हौशी लीगने. दोघांचा परस्परसंबंध काहीच नव्हता, पण दोन्हींची रीत एकच आहे. आधी म्हणायचं, आमच्या नियमांनी चाला. ते चालले आणि पुढे गेले, की नियम बदलायचा. आदिवासींना शेती जमत नाही, शिस्त जमत नाही, संघभावना नसते, असं त्या काळी सर्रास लिहिलं जात होतं. कमेरागंजाने तिन्ही गोष्टी करून दाखवल्या. शिक्षा न जमल्याची झाली नाही, जमल्याची झाली.

अशा गावच्या मैदानावर डग्लस निकोल्स वाढला. जन्म डिसेंबर १९०६. उंची जेमतेम एकशे सत्तावन्न सेंटिमीटर, पण पाय विजेसारखे. तो आठ वर्षांचा असताना त्याच्या थोरल्या बहिणीला पोलिसांनी घरातून नेऊन दूरच्या मुलींच्या प्रशिक्षणगृहात ठेवलं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो मजुरीला लागला. आधी जवळच्या टोंगाला गावाकडून खेळला, मग मेलबर्नला गेला. तिथल्या एका बड्या क्लबात त्याच्या रंगामुळे टिकाव लागला नाही. मग नॉर्थकोट या क्लबाने त्याला घेतलं आणि १९२९ च्या विजेत्या संघात तो होता. १९३२ ते १९३७ या काळात तो फिट्झरॉयकडून पहिल्या दर्जाचे चोपन्न सामने खेळला. १९३५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या संघात त्याची निवड झाली. फिट्झरॉयमधल्या पहिल्या दिवसांची एक आठवण तिकडे नेहमी सांगितली जाते. निकोल्स कपडे बदलण्याच्या खोलीत कोपऱ्यात एकटा बसला होता. तेव्हा संघातला सर्वात मोठा खेळाडू हेडन बंटन उठून त्याच्या शेजारी येऊन बसला.

गाव मात्र खंगत चाललं होतं. १९२२ मध्ये जेम्स मास्तर शाळेतून निवृत्त झाले. तरुणांना वसाहतीबाहेर काढण्याचं मंडळाचं धोरण होतं, त्यामुळे घरं फुटत होती. विल्यम कूपरने वयाच्या सत्तरीनंतर, १९३३ च्या सुमारास, गाव सोडून मेलबर्न गाठलं, कारण वसाहतीत राहणाऱ्या आदिवासीला वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन मिळत नसे. तिथे त्याने ‘ऑस्ट्रेलियन अ‍ॅबोरिजिनीज लीग’ उभी केली. संसदेत आदिवासींचा प्रतिनिधी असावा, या मागणीचा इंग्लंडच्या राजाला उद्देशून एक अर्ज त्याने तयार केला आणि त्यावर १,८१४ सह्या जमवल्या. सरकारने तो अर्ज राजाकडे पाठवलाच नाही.

कमेरागंजात तेव्हा शिधा अपुरा होता, घरं मोडकळीला आली होती, क्षयाने माणसं जात होती, आणि व्यवस्थापकाविरुद्धच्या तक्रारींची दाद लागत नव्हती. ४ फेब्रुवारी १९३९ रोजी गाव उठलं. दीडशे ते दोनशे माणसांनी बायकामुलं आणि हाताला लागेल ते सामान घेऊन मरे नदी ओलांडली आणि समोरच्या व्हिक्टोरियाच्या काठावर तंबू टाकले. नदी ओलांडली की कायदा बदलतो, असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. मंडळाचा अधिकार नदीपर्यंतच चालत होता. गावचाच जॅक पॅटन हा कार्यकर्ता लोकांना बोलायला आला होता. आदिवासींना वसाहत सोडायला चिथावल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. मेलबर्नहून कूपर आणि निकोल्स यांनी मदत गोळा केली. संप सुमारे नऊ महिने चालला. मागण्या जवळजवळ पदरात पडल्या नाहीत. काही लोक परतले, बरेचसे परतले नाहीत.

क्लब बंद पडतात ते सहसा कसे? कर्ज होतं, मैदान जातं, पोरं शहरात जातात. निकोल्सचा फिट्झरॉय क्लबसुद्धा १९९६ मध्ये कर्जापायी ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला. आठ विजेतेपदांचा तो क्लब, त्याच्यावर पुस्तकं आहेत, चित्रपट्ट्या आहेत, त्याच्या शेवटच्या सामन्यांना आलेल्या गर्दीची छायाचित्रं आहेत. कमेरागंजाच्या संघाला असा शेवटचा सामना मिळाला नाही. गावच विखुरल्यावर संघाचं जुनं बळ परत आलं नाही. १९५३ मध्ये मंडळाने ती वसाहत सरकारी ठाणं म्हणून बंद केली. मूरूपना आणि शेपर्टन या गावांमधल्या पूरग्रस्त नदीपात्रात झोपड्या टाकून राहिलेल्या कुटुंबांची मुलं मग इतर गावांच्या संघांत एकेकटी खेळू लागली. चांगली खेळली तर घेतली जात, पण आता ती कोणाच्या तरी संघात होती. ‘आपलं घर’ असं नाव छातीवर घेऊन खेळणं संपलं होतं.

आता पुढचा हिशेब. जमीन १९८४ मध्ये, नव्या भूमी हक्क कायद्याखाली, योर्टा योर्टा लोकांच्या स्थानिक परिषदेकडे परत आली. फुटबॉलला आणखी वेळ लागला. शेपर्टनमधल्या आदिवासी कुटुंबांनी आपला स्वतःचा क्लब लीगमध्ये घ्यावा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज केले आणि नकार घेतले. अखेर १९९७ साली रंबलारा फुटबॉल नेटबॉल क्लबला प्रवेश मिळाला. नेटबॉल हा तिकडच्या खेड्यांत बायकामुलींचा मुख्य खेळ, म्हणून क्लब दोन्हींचा असतो आणि सगळं कुटुंब शनिवारी एका जागी येतं. या क्लबाशी जोडलेल्या अनेक घरांची मुळं कमेरागंजात आहेत आणि ते लोक आपला वारसा त्या जुन्या संघापासून सांगतात. कागदोपत्री पाहिलं तर हा वेगळा क्लब आहे. ताळेबंदात बंद खातं नव्या खात्याला जोडत नाहीत, हे मला माहीत आहे. पण इथे मी हिशेबनिसाचा नियम लावणार नाही.

डग्लस निकोल्स पुढे धर्मोपदेशक झाला, १९७२ मध्ये ‘सर’ झाला आणि १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचा राज्यपाल झाला. त्या पदावर बसलेला तो पहिला आदिवासी. १९८८ मध्ये तो वारला तेव्हा त्याला नदीकाठी, कमेरागंजाच्या दफनभूमीत नेलं. २०१६ पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधली सामन्यांची एक खास फेरी दरवर्षी त्याच्या नावाने होते. सगळे संघ आदिवासी चित्रकारांनी काढलेल्या नक्षीचे कपडे घालून उतरतात. गौरव योग्यच आहे. पण एक मोठा माणूस मखरात बसवला की त्याचं गाव आपोआप पार्श्वभूमीला जातं. निकोल्स एकटा उगवला नव्हता. त्याच्या वेळी गावात त्याच्यासारखे अठरा जण होते, आणि ते इतके चांगले होते की पंचवीस वर्षांवरच्यांना घरी बसवावं लागलं.

जेम्स मास्तरांचं कार्ड अजून माझ्या मॉरिशसच्या खोक्यातच आहे. ते मराठी नव्हते, तेव्हा माझ्या पुस्तकात त्यांना जागा नाही. म्हणून त्यांच्या शाळेसमोरच्या मैदानाची ही नोंद इथे करून ठेवली.